बाजारात भाव कोण ठरवतं?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेचं भाषण)

हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. मीही घरी रेडिओ तसाच ऐकते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात शिकवते. आमची शाळा दोन शिक्षकी, पोरं ३१. पहिली-दुसरी सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. आज मी सांगणार आहे ते आमच्या एका पाठाबद्दल. पाठ म्हणजे पुस्तकातला एक धडा नव्हे. तीन आठवडे चाललेला, एकाच गोष्टीभोवती फिरणारा पाठ. त्यात परिसर अभ्यास होता, गणित होतं, मराठी होतं, थोडं विज्ञान होतं. गोष्ट होती आपल्या आठवडी बाजाराची.

तुम्ही म्हणाल, बाई, हे मास्तरांच्या प्रशिक्षणात सांगा, आम्हाला कशाला? तर असं की, असा पाठ शिक्षकाला एकट्यानं आखता येत नाही. त्याचं निम्मं सामान तुमच्या घरात असतं, आणि पुष्कळसं तुमच्या डोक्यात.

आधी माझी फजिती सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मी ‘बाजार’ हाच विषय घेतला होता. भाज्यांची चित्रं रंगवली, बाजाराची गाणी म्हटली, भाज्यांची इंग्रजी नावं पाठ करून घेतली. शेवटी शाळेच्या पटांगणात पोरांचा बाजार भरवला. आयांनी भजी, चिवडा, भेळ करून दिली, पोरांनी विकली, गुरुजींनी खाल्ली. फोटो छान आले. सगळे खूश, मीही खूश. आठवड्यानं मी चौथीला विचारलं, ‘१२ रुपयांच्या ७ वह्या, किती झाले?’ तर निम्म्या पोरांची बोटं थांबली. आणि परिसर अभ्यासाच्या तासाला विचारलं, बाजार म्हणजे काय, तर उत्तर आलं, ‘बाजारात भाजी मिळते.’ हे त्यांना शाळेत यायच्या आधीपासून माहीत होतं! मी पाच विषय एका दोरीला बांधले होते, पण ते एकमेकांशी बोलत नव्हते. गाणं गाण्याच्या जागी, बेरीज बेरजेच्या जागी. भजी तेवढी खरी होती.

मग दुसरं एक घडलं. चौथीतली एक मुलगी दर मंगळवारी गैरहजर असायची, कारण मंगळवारी तालुक्याला बाजार. आई भाजी घेऊन बसते, ही तिच्या मदतीला. मी हजेरीवर फुली मारत होते आणि गणिताच्या रकान्यात ‘कच्ची’ लिहीत होते. एका मंगळवारी मला सुट्टी होती, मीच बाजारात गेले. पोरगी पाटीमागे बसलेली. मी विचारलं, ‘पावणेदोन किलो वांगी घेतली तर किती?’ भाव ४० रुपये किलो. माझं तोंड मिटायच्या आत म्हणाली, ‘सत्तर.’ कसं काढलंस म्हटलं तर म्हणाली, ‘दोन किलोचं ऐंशी, त्यातनं पावाचं दहा काढलं.’ हीच मुलगी फळ्यावरचा १.७५ गुणिले ४० हा आकडा बघून रडकुंडीला यायची.

नंतर एका प्रशिक्षणात कळलं की हे फक्त आपल्याकडे होत नाही. ब्राझील देशात रेसिफे नावाचं शहर आहे. तिथल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५ साली छापून आला. संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन पोरांना हिशेब विचारले, तर शंभरातले ९८ बरोबर आले. मग तसलेच हिशेब नुसते आकडे म्हणून कागदावर दिले, तर शंभरातले ३७ बरोबर. त्यातल्या एकाला ३५ ला एक नारळ तर १० नारळ किती असं विचारलं होतं. त्यानं तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन घेऊन २१० केले, मग ३१५, आणि वर एक, म्हणजे ३५०. शाळेत त्याला दहानं गुणताना शून्य लावायला शिकवलं असणार. त्यानं ते वापरलंच नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या मुलीला गणित येतं, मला तिचं गणित येत नाही. पुढच्या वर्षी बाजार पुन्हा घ्यायचा ठरवला, पण वेगळ्या तऱ्हेनं.

या वेळी मी विषयांची यादी केली नाही. एक प्रश्न धरला: बाजारात भाव कोण ठरवतं? बस्स, एवढाच. आणि ठरवलं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला ज्या विषयाची गरज लागेल तो येईल, नाही लागली तर येणार नाही. चौथीला तेव्हा शिवरायांचा इतिहास होता. तो मी बाजारात ओढून आणला नाही, त्याच्या तासाला वेगळा शिकवला. पाढेही रोज सकाळी वेगळे म्हणून घेतले. काही जणांना वाटतं, असा पाठ घेतला की पाढे आपोआप येतात. येत नाहीत हो. पाढे म्हणावेच लागतात.

आखणी करताना मी आधी पोरांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? एक म्हणाला भाव सरकार ठरवतं. एक म्हणाली, ‘मोबाईलवर येतो.’ दुसरा म्हणाला, ‘जो मोठ्यानं ओरडतो तो.’ मी सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. मग पाठ्यपुस्तकं घेऊन बसले आणि त्या वर्षी दोन्ही वर्गांना काय काय यायला हवं ते पाहिलं. गणितात पाव-अर्धा-पाऊण, वजन, नाणी-नोटा. मराठीत प्रश्न विचारणं, ऐकलेलं लिहिणं. परिसर अभ्यासात नकाशा, अन्न टिकवणं, वनस्पतींचे भाग. या प्रश्नात जे बसतं त्यावर खूण केली. मग तिसरा कागद घेतला: हे आपल्या गावात कुणाला माहीत आहे? त्या कागदावर माझं नाव शेवटी आलं.

पहिलं नाव आलं एका आजींचं. आजींचं वय ७८. त्यांना शाळेत बोलावलं तर म्हणाल्या, ‘मी अंगठेबहाद्दर, मी काय शिकवू?’ त्यांच्या सुनेनं, म्हणजे आमच्या बचत गटातल्या ताईंनी, हाताला धरून आणलं. येताना आजींनी माळ्यावरची मापं आणली: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. सगळी काळी पडलेली, एकाला पोचा आलेला. पोरांनी ज्वारीनं मापायला सुरुवात केली. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. म्हणजे पायलीत चिपटी किती? पोरं भरत राहिली, सांडत राहिली, आणि १६ वर आली.

मग आजी म्हणाल्या, ‘आन् रुपयात आणे किती?’ पोरांना आणे माहीतच नाहीत. आजींनी सांगितलं, १६. त्या ११ वर्षांच्या असताना, १ एप्रिल १९५७ ला, शंभर पैशांचा रुपया झाला. तारीख मी सांगितली, पण त्या नव्या पैशांनी बाजारात उडालेला गोंधळ त्यांना आठवत होता. त्या म्हणाल्या, ‘पायली रुपयाला आसली तर चिपटं एक आण्याला. हिशेब करायलाच लागत न्हवता.’ मी बारा वर्षं अपूर्णांक शिकवतेय. कागदाच्या घड्या घातल्या, भाकरीचे तुकडे केले. पण पाव म्हणजे अर्ध्याचं अर्धं हे त्या दिवशी पोरांच्या हातांना कळलं, चिपट्यातनं मापट्यात ओतताना.

तेवढ्यात तिसरीतल्या एकानं शंका काढली, ‘बाई, मापटंभर चुरमुरे आन् मापटंभर ज्वारी सारखीच का?’ मग तराजू आणला. दोन्हीचं वजन केलं. जागा सारखी, वजन कितीतरी वेगळं. माप आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात पुढं येणार होतं. ते आधीच आलं. मी येऊ दिलं.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी आम्ही बाजारात गेलो. जायच्या आधी दोन दिवस नुसते प्रश्न तयार केले. ‘तुमचा माल कुठून आला?’ ‘आज भाव कुणी ठरवला?’ ‘राहिलेल्या मालाचं काय करता?’ प्रश्न अदबीनं कसा विचारायचा याची तालीम केली, कारण धंद्याच्या वेळी कुणाला त्रास द्यायचा नाही. गटातल्या चार बायका बरोबर आल्या, प्रत्येकीकडे चार-पाच पोरं. चार बायका नसत्या तर मी १८ पोरं घेऊन त्या गर्दीत गेलेच नसते, खरं सांगते.

आणि त्या मुलीला मी वहीवर फुली मारली नाही. ती त्या दिवशी आमची वाटाड्या होती. कुठल्या काकू बोलतील, कोण खेकसेल, तिला बरोबर ठाऊक.

पोरांनी एकाच पाटीवरचे भाव तीनदा लिहून घेतले. मेथीची जुडी सकाळी १५, दुपारी १०, संध्याकाळी ५. कांदा मात्र सकाळी जो होता तोच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही याचं चित्र केलं, एका रुपयाला काड्यापेटीची एक काडी. मेथीची रांग उतरत गेली, कांद्याची सपाट राहिली. मी विचारलं, असं का? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, ‘मेथीला दम नसतो.’

आता विज्ञान कसं आलं बघा. दम का नसतो? मेथी पान आहे, कांदा कांदा आहे. झाडाचा कुठला भाग आपण खातो याची यादी झाली. बटाटा सगळ्यांनी मुळात टाकला. मग त्याचे डोळे दाखवले, डोळ्यातून कोंब फुटतो, म्हणजे ते खोड. घरी जाऊन आयांना सांगितलं तर निम्म्या आया म्हणाल्या, बाई चुकल्या असतील! मग दोन जुड्या आणल्या. एक ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली, एक उघडी. सकाळी आणि संध्याकाळी दोन्हींचं वजन केलं. उघडी कोमेजली आणि हलकी झाली. बाजारात बायका पाण्याचा हबका का मारतात, गोणपाट का ओलं ठेवतात, ते कळलं. शाळेत याला बाष्पीभवन म्हणतात. पाटीमागं बसणाऱ्या बाईला तो शब्द माहीत नसतो, पण ती ते रोज करते.

आणि मग परत आपल्या प्रश्नाकडे. कांदेवाल्याला उद्याच्या बाजारापर्यंत थांबता येतं. मेथीवालीला थांबता येत नाही, शेवटची बस साडेसहाला असते. पोरांनी भिंतीवरच्या कागदावर नवं उत्तर लिहिलं: ‘ज्याला थांबता येतं, त्याला भाव धरून ठेवता येतो.’ हे वाक्य मी सांगितलेलं नाही. चौथीतल्या पोरांचं आहे.

नकाशाचं थोडक्यात सांगते. माल कुठून येतो ते दोऱ्यानं जोडलं. डाळिंब सांगोल्याचं, ज्वारी मंगळवेढ्याची, हळद सांगलीची, गूळ कोल्हापूरचा, सुकट-बोंबील कोकणातून, लसूण थेट मध्य प्रदेशातून. पोरं सुकटीचा वास घेत घेत कोकण शोधत होती.

आता जे सगळ्यात अवघड गेलं ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात हिशेब मांडायचा होता. भाजीवालीला बाजारातून खरंच किती सुटतात? त्या मुलीची आई तयार झाली, वर्गात येऊन बसली. ६० जुड्या नेल्या होत्या. २५ गेल्या १५ नं, २० गेल्या १० नं, १० गेल्या ५ नं, ५ उरल्या त्या शेळीला. पोरांनी बेरीज केली, ६२५ रुपये. मग खर्च. बियाणं १४०. बसचं भाडं, महिलांचं अर्धं तिकीट आहे म्हणून जाऊन-येऊन ३०. हमाली २०, बाजारपट्टी २०. झाले २१०. उरले ४१५. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मुलगी फळ्याजवळून वळली आणि म्हणाली, ‘आये, तुझी हजेरी लावायची का?’

वर्ग गप्प. आई हसली, पदर सावरला, म्हणाली, ‘लाव की. रानात मी काय देवदर्शनाला जाते व्हय?’ खुरपणीचा एक दिवस, काढून जुड्या बांधायचा एक दिवस, बाजाराचा एक दिवस. आमच्याकडे बाईची हजेरी तेव्हा २५० होती. तीन दिवसांचे ७५०. ४१५ मधून ७५० जात नाहीत. चौथीला ऋण संख्या नसतात, पण ३३५ कमी पडतात हे सगळ्यांना कळलं. मुलीनं फळ्यावर लिहिलं, ‘तोटा ३३५.’ आई फळ्याकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, ‘बाई, एवढं पुसून टाका. घरी कळलं तर म्हणतील, बाजार बंद कर.’

मी पुसलं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. आपण पोरांना खरं शिकवायला निघतो आणि ते खरं कुणाच्या तरी घरात जाऊन पडतं. याचा विचार मी आखणीत केलाच नव्हता. तेव्हापासून एक नियम केलाय. कुणा एकीच्या घरचा हिशेब फळ्यावर मांडायचा नाही. चार-पाच जणींकडून आकडे घ्यायचे, त्यातून एक मनातली ‘भाजीवाली ताई’ उभी करायची, तिचा हिशेब मांडायचा. आणि वर्गात सांगायच्या आधी त्या बायकांना दाखवायचा.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. त्या आईनंच पुढच्या बैठकीत गटात हा विषय काढला. मग बायकांनी आपापल्या मालाला हजेरी लावून बघितली. कुणाचं जमलं, कुणाचं नाही. सगळ्यांची उरलेली पालेभाजी संध्याकाळी पाचला मातीमोल जाते, तर दोघी-तिघींनी मिळून थोडी मेथी आणि बाकी टिकणारा माल न्यावा का, यावर बरीच भांडणं झाली. अजून एकमत नाही. दोघींनी मेथीबरोबर लसूण-कांदा न्यायला सुरुवात केली आहे, एवढंच.

आणि ती मुलगी? आता मी फळ्यावर १.७५ गुणिले ४० लिहिते आणि शेजारी तिला तिच्या पद्धतीनं मांडायला सांगते: दोन किलो, त्यातून पाव वजा. दोन्ही वाटा एकाच उत्तराला जातात हे बाकीची पोरंही बघतात. ती अजूनही काही मंगळवारी येत नाही. ते मी सोडवू शकलेले नाही. आल्यावर तिला मागचा अभ्यास घेऊन देते, एवढंच जमतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही बरं का. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, त्यात सूतकताईसारख्या हातकामाभोवती सगळे विषय शिकवायचे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणायचे.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या समितीवर असतील आणि फक्त सहीला जात असतील. पुढच्या बैठकीला गेलात की बाईंना किंवा गुरुजींना विचारा, ‘या सहामाहीत पोरांना आपल्या गावातलं काय शिकवणार? त्यात आम्ही काय देऊ?’ विचारायला घाबरू नका. आम्हालाही बरं वाटतं, कुणीतरी विचारलं की. विषय बाजारच हवा असं नाही. तुमच्या गावात चारा छावणी झाली असेल, टँकर येत असेल, ऊसतोडीला माणसं जात असतील. त्यातून एक प्रश्न काढा, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही असा. टँकर गावात आला की पाणी आधी कुणाला मिळतं? ऊसतोडीला गेलेलं घर सहा महिने कोण सांभाळतं? मात्र शिक्षकांना लगेच जमेल अशी अपेक्षा धरू नका. दोन वर्गांचा अभ्यासक्रम, माहितीचे तक्ते, परीक्षा, सगळं सांभाळून हे करायचं असतं. मी वर्षाला असे दोनच पाठ घेते. तिसरा घ्यायला गेले तेव्हा तो पुन्हा चित्रं रंगवण्यावर आला.

आणि एक शेवटचं. घरात जुनी मापं असतील, वजनं असतील, सासूबाईंनी गाठोड्यात ठेवलेले आणे-पैसे असतील, तर भंगारवाल्याला देऊ नका. शाळेला उसनी द्या, चिठ्ठी लिहून घ्या, काम झालं की परत न्या. आमच्या आजींचं मापटं अजून शाळेच्या कपाटातच आहे. दर संक्रांतीला त्या निरोप पाठवतात, ‘बाईंना सांग, माझं मापटं हाय बरं का तुमच्याकडं.’ मी पाठवून देते, आणि आठवड्यानं त्या परत आणून ठेवतात.